उतारवयातील वेग आणि परवान्यावरील बंदी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण ज्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आणि बांधावरचे, भाऊबंदकीचे वा सोसायटीच्या कर्जाचे कज्जे गावातल्या गावात मिटवून आयुष्यभर पाळली, त्याच पिढीतील कित्येक सुशील, निरुपद्रवी आणि समाजात मान असलेल्या गृहस्थांना आता साठी-सत्तरीच्या घरात प्रथमच न्यायालयाचे बोलावणे येऊ लागले आहे. चोरी नव्हे, मारामारी नव्हे, फसवणूक नव्हे. विहित मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन हाकले, एवढाच त्यांच्यावरील आरोप. अशी नोटीस घरी येऊन पडली म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एवढ्याशा गोष्टीसाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला छळायचे. दुसरा म्हणतो, आता वय झाले, किल्लीच काढून घ्या. माझ्या मते हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात, कारण दोघेही माणसाच्या वयाकडे पाहतात आणि ज्या रस्त्यावर तो वेग घडला त्या रस्त्याकडे कोणीच पाहत नाही.

म्हणून आधी रस्ताच पाहू. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 930 वर, वैनगंगेच्या अलीकडे, सावली हे तालुक्याचे गाव लागते. 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन येथे भरले आणि खादीच्या कामाने नावारूपास आलेल्या या आडगावी स्वतः महात्माजी येऊन राहिले, त्या काळी येथील दळणवळण बैलगाडीच्या चाकावर चालत होते. असोलामेंढ्याच्या तलावावर पोसलेली धानाची बांधी, तिला लागून ब्रह्मपुरी वनविभागाचे जंगल आणि या दोहोंमधून गेलेली सडक, असे या मुलखाचे रूप आजही आहे. बदलली आहे ती सडक. ती रुंद झाली, गुळगुळीत झाली, आणि ज्या अंतराला एके काळी अर्धा दिवस लागे ते आता चहा निवण्याच्या आत कापता येईल असा भास चाकामागे बसलेल्या माणसाला होऊ लागला.

परंतु सडकेवरील माणसे व जनावरे तीच राहिली. उन्हाळ्याच्या तोंडी, पुरते उजाडलेलेही नसते तेव्हा, मोहफुले वेचायला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालत असतात. पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो आणि पुडक्यांचे ओझे डोक्यावर घेतलेली कुटुंबे जंगलातून एकदम सडकेवर उतरतात. आषाढ-श्रावणात रोवणीला जाणारे मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने उभे असतात, आणि त्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असे नाही. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांची धूम सुरू होते. रात्रभर नाटक पाहून तांबारलेल्या डोळ्यांनी माणसे फटफट्यांवरून आणि पायी गावोगाव परततात, त्याच पहाटे धानाची पोती लादलेला ट्रकही त्याच रस्त्याने निघालेला असतो. यांच्यामध्ये चितळ आडवे येते, रानडुकरांचा कळप येतो, वाघही येतो. वेगाची मर्यादा ज्यांच्यासाठी आखलेली असते ते हे लोक. गाडीत बसलेल्याच्या सोयी-गैरसोयीचा विचार तिच्यात दुय्यम आहे, आणि ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे पुढचा सारा कायदा समजायला सोपा जातो.

केंद्र शासनाने एप्रिल 2018 मध्ये काढलेल्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गांवर मोटारगाडीला ताशी 120 किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि इतर साध्या रस्त्यांवर 70 अशी कमाल मर्यादा घातली होती. शिवाय शाळा, वस्ती, वळण किंवा वन्यप्राण्यांची वाट पाहून याहून कमी मर्यादेचा फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमाने राज्य शासनाला दिलेला आहे. हे 70 आणि 100 यांतील अंतर तीसच किलोमीटरांचे, मग एवढा बाऊ कशासाठी, असे पुष्कळांना वाटते. त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. ताशी 70 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 19 मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. समोर गाय दिसली, ती गाय आहे हे मनाला कळले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला दीड सेकंद धरला तरी गाडी 29 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेक लागून ती थांबेपर्यंत आणखी सुमारे 27 मीटर जातात. म्हणजे एकूण 56. हाच वेग 100 असता तर थांबायला जवळजवळ 97 मीटर लागले असते. आणि याहून मनाला चटका लावणारी गोष्ट अशी की, ज्या जागी सत्तरची गाडी पूर्ण थांबलेली असते, नेमक्या त्याच जागी शंभरची गाडी अजून ताशी 85 च्या आसपास वेगाने धावत असते. तिथे गाय असो, मोह वेचणारी बाई असो वा शाळेतून परतणारे पोर असो, सत्तरच्या गाडीपुढे तो नुसता दचका असतो आणि शंभरच्या गाडीपुढे मृत्यू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग शेकडा 1 ने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका शेकडा 4 ने वाढतो. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, आणि त्यांतील शेकडा 71 मृत्यूंच्या पुढे सरकारी अहवालाने अतिवेग हेच कारण लिहिले आहे.

आता वयाकडे येऊ. उतारवयातील चालक तरुणापेक्षा सामान्यतः सावकाश चालवतो, मद्य पिऊन क्वचितच चालवतो आणि रस्त्याची खोड ओळखून असतो. हे त्याच्या बाजूचे सत्य आहे व ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु शरीराचा जमाखर्च वेगळा असतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने अवघा एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंगावर पिवळसर झाक चढते. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर पडल्यानंतर दृष्टी पूर्ववत व्हायला त्याला अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू धरू लागला असेल तर त्या झोताभोवती प्रकाशाचे कडे पसरते आणि त्या कड्याच्या आत सायकलस्वार असला तरी दिसत नाही. मान वळवून मागे पाहणे जड जाते. दीड सेकंदाचे दोन सेकंद होतात. आणि शंभरच्या वेगाला हा अर्धा सेकंद वाढला की थांबण्याचे अंतर 110 मीटरांच्या पुढे जाते, उलट धिम्या झोतात रात्री जेमतेम चाळीस-पन्नास मीटरांपुढचे स्पष्ट दिसत असते. अनुभव या सर्वांची भरपाई करतो, पण एकाच अटीवर: वेग कमी असला पाहिजे. वेग वाढवला की तोच अनुभव माणसाला फसवतो, कारण गेल्या चाळीस वर्षांत काही झाले नाही या आठवणीवर तो आजचा निर्णय घेत असतो.

इंग्लंडच्या तत्कालीन राणीचे पती प्रिन्स फिलिप यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 17 जानेवारी 2019 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, सँड्रिंगहॅमजवळ ते स्वतः चालवीत असलेली गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. तेथे वेगाचा आरोप नव्हता. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याने डोळे दिपले, असे त्यांनी जखमी बाईंना लिहिलेल्या क्षमापत्रात म्हटले. तीन-चार आठवड्यांच्या आत त्यांनी आपला परवाना आपण होऊन परत केला, आणि खटला भरणे सार्वजनिक हिताचे नाही असे तेथील अभियोग विभागाने ठरवले. त्याच देशात, त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, म्हणजे 1896 साली, केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला ताशी 2 मैलांच्या हद्दीत 8 मैलांनी मोटार हाकल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला होता, आणि वेगाच्या खटल्यांचा इतिहास तेथून सांगितला जातो.

आपल्याकडे 1914 सालच्या कायद्याने मोटारींवर अखिल हिंदुस्थानभर पहिला अंमल बसवला, 1939 च्या कायद्याने तो विस्तारला आणि 1 जुलै 1989 पासून अमलात आलेला 1988 चा कायदा, 2019 च्या दुरुस्तीसह, आज लागू आहे. त्याच्या 183 व्या कलमाखाली हलक्या मोटारीला अतिवेगाबद्दल 1,000 ते 2,000 रुपये आणि मध्यम व जड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. अपराध दुसऱ्यांदा घडला तर परवाना ताब्यात घेण्याचे फर्मान त्याच कलमात आहे.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते समजावे म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. सावली तालुक्यातील अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त गुरुजी, गडचिरोलीच्या दवाखान्यात पत्नीची तपासणी उरकून, संध्याकाळच्या आत घर गाठावे म्हणून गाडी दामटीत आहेत. पोलिसांच्या वाहनातील यंत्राने वेग टिपला आहे. शिपाई हात दाखवतो; तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघतो. “गुरुजी, गाडी जरा बाजूला घ्या जी. नव्वद दाखवते.” गुरुजी ओशाळतात, शेजारी बसलेल्या बाई म्हणतात, “मी सांगतच होते.” हातातल्या यंत्रावर चलान उठते आणि गुरुजींच्या मोबाईलवर संदेश येतो. गुरुजी मुलाला सांगायचे टाळतात, संदेश मागे पडतो, आणि काही महिन्यांनी समन्स घेऊन माणूस दारात उभा राहतो. ठरल्या तारखेला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दालनात पट्टेवाला नावाचा पुकारा करतो. ज्या नावाने शाळेचा हजेरीपट घेतला जाई ते नाव असे मोठ्याने उच्चारले गेलेले ऐकून गुरुजींचा हात थरथरतो. आरोप वाचून दाखवला जातो, कबूल आहे काय असे विचारले जाते, आणि ते उत्तर देतात, “साहेब, चाळीस वर्षांत एक अपघात नाही माझा.”

हे उत्तर खरे असते, पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नसते. निष्कलंक पूर्वायुष्य ही शिक्षा ठरवताना विचारात घ्यावयाची बाब आहे. वेग होता की नव्हता याचा निर्णय तिने होत नाही. गुरुजींना जर आरोप खरोखरच मान्य नसेल, तर कायद्याने त्यांच्या हाती चांगली साधने दिली आहेत. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर, म्हणजे “गाडी फार जोरात होती” एवढ्या म्हणण्यावर, अतिवेगाबद्दल कोणालाही दोषी ठरवता येत नाही; तो अंदाज यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेला असावा लागतो. 2021 साली नियमावलीत घातलेल्या 167-अ या नियमाने असे ठरवले की उपकरणाला अचूकतेचे प्रमाणपत्र असावे, कॅमेऱ्याने देखरेख आहे याची सूचना देणारे फलक ठळक लावावेत आणि अपराधाची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवावी. हे प्रमाणपत्र दाखवा, असे म्हणण्याचा आरोपीला हक्क आहे, व तो बजावण्यात उद्धटपणा काही नाही.

मात्र सर्वाधिक गैरसमज आहे तो यापुढच्या गोष्टीविषयी. दंडाची पावती खिशात पडली म्हणजे प्रकरण मिटले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती चूक आहे. न्यायालयाचा दरवाजा एक आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे चंद्रपूर वा गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयाचा, दरवाजा दुसरा. 20 व्या कलमाखाली न्यायालय शिक्षेखेरीज वाहन चालवण्यास अपात्रही ठरवू शकते; आणि 206 व्या कलमाखाली परवाना जप्त होऊन परिवहन कार्यालयाकडे गेला, तर 19 व्या कलमाखाली तो अधिकारी पहिल्या अपराधाला तीन महिन्यांची बंदी घालू शकतो व दुसऱ्याला परवाना रद्द करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 सालीच सर्व राज्यांना बजावले होते की अतिवेगासाठी परवाना किमान तीन महिने स्थगित करा. तथापि बंदीचा हुकूम एकतर्फी निघू शकत नाही: परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि हुकूम हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत त्यावर अपील करता येते. बंदीची मुदत सरली तरी चालकासाठीचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून परवाना परत मिळत नाही.

माझ्या मते या साऱ्या तरतुदींत शहाणपणाची तरतूद हीच आहे. दंड श्रीमंताला जाणवत नाही आणि गरिबाला चिरडतो. तीन महिन्यांची बंदी दोघांना सारखीच लागते, आणि उजळणीच्या निमित्ताने डोळे, कान व पाय यांची खरी परीक्षा होण्याचा संभव तरी निर्माण होतो. सायरस मिस्त्री यांच्यासारखा उद्योगपती 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मोटार अपघातात गेला, गाडीच्या पन्नाशी ओलांडलेल्या अनुभवी चालकावर पुढे गुन्हा नोंदवला गेला, आणि वर्षानुवर्षांचा सराव, उत्तम गाडी, उत्तम रस्ता यांपैकी काहीही वेगापुढे हमी देत नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

वयाच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. अमुक वयानंतर गाडी चालवू नये, असे तो कोठेच म्हणत नाही. पन्नास ते पंचावन्न या वयात दिलेला खासगी परवाना साठीपर्यंत चालतो आणि पंचावन्नाच्या पुढे तो दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. चाळिशीनंतर त्यासाठी नमुना 1-अ मध्ये डॉक्टरचा दाखला लागतो. हा दाखला न तपासता, नुसत्या ओळखीवर लिहून देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मला तीव्र खेद वाटतो. डॉक्टराला ती ज्येष्ठाची सेवा वाटते. वस्तुतः त्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदू पकडण्याची एक संधी त्या सहीने हिरावून घेतलेली असते.

आणखी एक अन्याय सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. साठीच्या आसपासचे पुष्कळ चालक स्वतःच्या हौसेने नव्हे, मालकाच्या घाईने वेगात जातात. धानाचा ट्रक, शाळेची गाडी, प्रवासी जीप, दक्षिण गडचिरोलीतील लोहखनिजाचे ट्रक, या सर्वांच्या चाकावर पोटासाठी बसलेली उतारवयाची माणसे आहेत, आणि न्यायालयात पुकारा होतो तो त्यांच्या एकट्याच्या नावाचा. वास्तविक 183 व्या कलमाचे दुसरे पोटकलम, नोकराला अतिवेगाने चालवायला लावणाऱ्यालाही दंडास पात्र धरते. आणि चौथे तर असे सांगते की जे वेळापत्रक वा जो हुकूम वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येत नाही, तो काढणाऱ्याविरुद्ध ते वेळापत्रकच प्रथमदर्शनी पुरावा होय. इतके न्याय्य कलम पुस्तकात असताना वृद्ध चालकाने एकट्याने कठड्यात उभे राहावे, हे मला मान्य नाही. अशा चालकांनी आपल्या वकिलामार्फत ही दोन पोटकलमे न्यायालयापुढे अवश्य मांडावीत.

राहिला प्रश्न अडचणीचा. इंग्लंडमध्ये तीन वर्षांत बारा दोषगुण साचले की सहा महिन्यांची बंदी येते, पण बंदीने असाधारण हालअपेष्टा होतील असे सिद्ध केल्यास न्यायालय ती टाळू शकते. सावलीसारख्या तालुक्यात ही कैफियत पोकळ नाही: दवाखाना वैनगंगेपलीकडे, पेन्शनची बँक तालुक्याला, मुले पुण्या-नागपूरला, आणि म्हातारा-म्हातारी दोघेच गावात. तरीही तीन महिन्यांची गैरसोय एका बाजूला आणि रस्त्याकडेच्या पायी माणसाचा जीव दुसऱ्या बाजूला ठेवला, तर मी निःसंशय दुसरी बाजू धरीन. त्या तीन महिन्यांसाठी एस.टी. आहे, 65 ते 75 वयाला तिचे भाडे निम्मे आणि 26 ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढे प्रवासच विनामूल्य आहे. फेऱ्या अपुऱ्या आहेत हे खरे, पण त्या वाढवून मागणे हे ग्रामपंचायतींचे व लोकप्रतिनिधींचे काम आहे, वेगमर्यादा सैल करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तेव्हा ज्यांच्या हाती अशी नोटीस आली असेल त्या ज्येष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे. ती लपवू नका, मुलाला किंवा सुनेला दाखवा. तारखेला हजर राहा. आरोप खरा असेल तर कबूल करा, नसेल तर उपकरणाचे प्रमाणपत्र मागा. परिवहन कार्यालयातून सुनावणीचे पत्र आले तर ते नुसता उपचार समजून टाकून देऊ नका, कारण आपले म्हणणे मांडण्याची जागा तीच आहे. त्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून डोळे खरोखर तपासून घ्या. आणि बंदीचा हुकूम झालाच, तर त्या मुदतीत गाडीला हात लावू नका, अगदी शेतापर्यंतसुद्धा नको: अपात्र असताना वाहन चालवल्यास 182 व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि त्या काळात अपघात घडला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीच्या मालकाकडून, म्हणजे बहुधा तुमच्याच घरातून, वसूल करू शकते.